नाण्यावरची मुद्रा

कैसराला कर द्यावा की नाही, असा पेच घालून विरोधकांनी प्रभू येशूला शब्दांत पकडू पाहिले, तेव्हा प्रभूने त्यांच्याकडे एक नाणे मागितले. मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांतील हा प्रसंग आपण मिस्साच्या वेळी अनेकदा ऐकतो. पण त्या नाण्यावर काय होते, याचा विचार क्वचितच करतो.

ते नाणे सम्राट तिबिर्य (इ. स. १४ ते ३७) याचे चांदीचे देनारी असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जेमतेम पावणेचार ग्रॅम वजनाच्या त्या नाण्यावर सम्राटाचे मस्तक व 'दिव्य ऑगस्टसचा पुत्र' अशी बिरुदावली आहे. मागील बाजूस 'महापुरोहित' ही पदवी. राजसत्तेने देवत्वावरही हक्क सांगितला होता, आणि तो हक्क प्रजेच्या कनवटीपर्यंत पोहोचत होता.

यहुदी धर्मशास्त्राला कोरीव प्रतिमा निषिद्ध. म्हणून त्यांच्या हास्मोनी राजांनी आपल्या नाण्यांवर मानवी चेहरा टाळून पुष्पमाला, समृद्धीचे शिंग व प्राचीन इब्री अक्षरे कोरली. पुढे सुभेदार पिलाताने मात्र रोमन पूजाविधीतील पळी व शकुनदंड यहुदी प्रजेच्या नाण्यांवर छापले.

इ. स. ६६ मध्ये बंड पेटताच यहुद्यांनी स्वतःचे चांदीचे शेकेल पाडले आणि त्यांवर 'पवित्र यरुशलेम' असे लिहिले. इ. स. ७० मध्ये मंदिर उद्ध्वस्त झाले. मग रोमन नाण्यांवर खजुरीच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री अवतरली. ती म्हणजे पराभूत यहुदिया. इ. स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या बंडखोरांनी रोमन नाण्यांवरच आपले ठसे मारले. काहींवर भग्न मंदिराचे चित्र उमटविले. त्यांतील काही नाण्यांवर जुन्या छापाच्या पुसट रेषा आजही दिसतात.

प्रभूच्या उत्तराचा मर्मार्थ येथे उलगडतो. ज्याची मुद्रा, त्याची मालकी. कैसराचे मस्तक नाण्यावर आहे, म्हणून नाणे त्याला द्यावे. देवाची प्रतिमा माणसावर आहे, म्हणून माणसाने स्वतःला देवाला द्यावे, असा अर्थ तर्तुलियनसारख्या प्राचीन ख्रिस्ती लेखकाने लावला. आपल्यावरही सत्ता, संपत्ती व प्रतिष्ठा यांचे नवनवे ठसे सतत पडत असतात. त्यांखालची मूळ मुद्रा अजून ओळखू येते का, हे आपण अधूनमधून तपासून पाहिले पाहिजे.