मुलं गावी, बाप पाळीवर

दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासाच्या आमली भागात कामगारांच्या चाळींतून फिरलं की मूल नसलेल्या खोल्याच जास्त दिसतात. दहा बाय दहाची खोली, त्यात चार-पाच पुरुष, खिळ्यांना लटकवलेले शर्ट, कोपऱ्यात शेगडी आणि गुंडाळलेली अंथरुणं. दिवसपाळीचा माणूस बाहेर पडला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होतो. एका चुलीवर जेवतात म्हणून शिरगणतीत हेही एक कुटुंब धरलं जातं. मूल नको म्हणणाऱ्या शहरी जोडप्यांशी या घरांचा संबंध नाही. यांतल्या अनेकांना मुलं आहेत, पण ती बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाच्या गावांत वाढतात. माझं म्हणणं असं की ही घरं करसवलतींवर उभ्या राहिलेल्या कारखानदारीने घडवली. तिने माणूस घेतला आणि त्याच्या संसाराचा भार दूरच्या खेड्यावर ठेवला.

हे आधीपासून असं नव्हतं. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटलं तेव्हा हा वारली, कोकणा, धोडिया लोकांचा शेती आणि जंगलावर जगणारा मुलूख होता. १९७१ साली दादरा-नगर हवेलीत जेमतेम ७४ हजार माणसं होती आणि हजार पुरुषांमागे १,००७ स्त्रिया होत्या. पिपरियाची सहकारी औद्योगिक वसाहत १९६५ मधली, पण खरा लोंढा आला तो पुढे, विक्रीकर आणि प्राप्तिकरातल्या सवलतींमुळे. मुंबई आणि सुरत हाताशी, वापीचं रेल्वे स्टेशन जवळ. पॉलिएस्टर धाग्याचे आणि प्लास्टिकचे कारखाने भराभर उभे राहिले. स्त्रियांचं प्रमाण १९९१ मध्ये ९५२, २००१ मध्ये ८१२ आणि २०११ मध्ये ७७४ वर आलं. या शेवटच्या दहा वर्षांत पुरुष सुमारे ७२ हजारांनी वाढले, स्त्रिया ५१ हजारांनी. शहरी भागात तर २०११ साली हजारामागे ६८२ च स्त्रिया होत्या, ग्रामीण भागात ८६३.

यावर कोणी म्हणेल, ही घट मुली नकोशा झाल्याची असेल. तसं असतं तर ती सर्वांत आधी लहान मुलांत दिसली असती. शून्य ते सहा वयोगटात २०११ साली हजार मुलग्यांमागे ९२६ मुली होत्या. २००१ च्या ९७९ वरून झालेली ही घसरण काळजीचीच आहे, तिचा वेगळा विचार व्हायला हवा. पण ७७४ पर्यंतची दरी तिने भरून निघत नाही. ती दरी मोठ्या, कमावत्या वयाच्या पुरुषांनी पाडलेली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नव्या औद्योगिक गावाचं असंच असतं, काळ गेला की बायकामुलं येतात. मुंबईचा दाखला यासाठीच दिला जातो आणि तो नीट पाहायला हवा. १९२१ साली मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास स्त्रिया होत्या. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार गाळ्यात दाटीवाटीने राहायचा, खानावळीत जेवायचा आणि घरी मनीऑर्डर करायचा. चाळीस वर्षांनी, १९६१ सालीही हा आकडा ६६३ च होता. तोही नुसत्या काळाच्या ओघात वाढला नाही: संप झाले, कायम नोकऱ्या मिळाल्या, भाडं कायद्याने आवरलं गेलं, तेव्हा कुठे गाळ्यात पाळणा हलू लागला. सिल्वासाच्या कंत्राटी कामगाराला यातलं काय मिळणार? आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. तो बिऱ्हाड कशाच्या भरवशावर आणील?

पैसे साठवायचे म्हणून कामगार स्वतःच एकटा राहतो, हेही खरं आहे. पण ती निवड खोलीचं भाडं, बारा तासांची पाळी आणि नोकरीची अनिश्चितता यांच्यात अडकलेली आहे. सवलत मिळाली ती कारखाना उभारणीला, मालाच्या विक्रीला आणि नफ्याला. कामगाराचं बिऱ्हाड त्या हिशोबात कुठेच नव्हतं. धागा इथे स्वस्त पडला, आणि तो काढणाऱ्याच्या लेकरांना वाढवण्याची मेहनत मात्र गावाकडच्या आईने आणि आजीने केली. ती कुठल्याच कारखान्याच्या वहीत चढली नाही.