हायस्कूल पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण
* अमेरिकेतील दोन स्कूल डिस्ट्रिक्टांचे टक्के शेजारी मांडण्याआधी छेद पाहावा. २०१०-११ पासून बहुतेक राज्ये एकच हिशेब धरतात : नववीत प्रथमच आलेली मुले, अधिक मागाहून दाखल झालेली, वजा अन्य शाळेत वा परदेशी गेलेली आणि मृत, उरलेल्यांपैकी चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळवणारे किती. जीईडी (हायस्कूल-समकक्ष परीक्षा) उत्तीर्ण यात येत नाहीत. खरी मेख वजाबाकीत आहे. शाळा सोडलेल्या मुलापुढे ‘बदली’ असा शेरा पडला की तो छेदातूनच गळतो आणि टक्का आपसूक चढतो. ह्यूस्टनच्या शार्प्सटाउन हायस्कूलने २००१-०२ साली चक्क शून्य गळती दाखवली होती. शेकडो मुले मात्र शाळेतून निघून गेली होती. २०१० पूर्वीचे आकडे वरील चार वर्षांच्या हिशेबाचे नव्हेत. — संपा.