गिटारचे आयुष्य : जतन, दुरुस्ती आणि ऐतिहासिक पुरावा

जुने वाद्य पाहताना अभ्यासक सहजच असे गृहीत धरतो की, आज ज्या रूपात ते समोर आहे त्याच रूपात ते कारागिराच्या हातून बाहेर पडले. गिटारच्या बाबतीत हे गृहीतक बहुधा टिकत नाही. सतत वापरात राहिलेली गिटार टिकते ती तिच्यावर वारंवार उपचार झाले म्हणून. आणि प्रत्येक उपचाराबरोबर तिच्या अंगचा पुरावा थोडाबहुत बदलतो. जतन व पुरावा यांच्यातील हा विरोध स्पष्ट करणे हाच प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

प्रथम वाद्याच्या घडणीचा विचार करू. गिटारची तबली, म्हणजे वरची कंप पावणारी फळी, साधारणतः दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची असते. तिच्यावर चिकटवलेल्या घोडीला नायलॉनच्या सहा तारा मिळून सुमारे ४० किलो भाराइतका ताण देतात. पोलादी तारांचा ताण ७० किलोंच्या घरात जातो. दुसरा शत्रू हवेतील ओल. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने जितके फुगते वा आकसते, त्या मानाने त्याचा उभ्या दिशेतील फरक नगण्य असतो. तबलीच्या आतून काही आधारपट्ट्या आडव्या चिकटवलेल्या असल्यामुळे फळीला मोकळेपणी आकसता येत नाही, आणि अतिशय कोरड्या हवेत ती तडकते. सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान राखावी, या नियमाचे मूळ येथे आहे. जुने कारागीर प्राणिज सरस वापरीत. ऊब व ओल दिली असता हा सरस सुटतो; त्यामुळे वाद्य न मोडता उघडता येते. दुरुस्तीची सोय अशी मूळ घडणीतच होती.

आता उपलब्ध वाद्यांकडे वळू. कर्त्याचे नाव व वर्ष धारण करणाऱ्या अतिप्राचीन गिटारांपैकी एक बेल्शियोर दियाश याने लिस्बन येथे १५८१ मध्ये घडविली. ती लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या संग्रहात आहे. सतराव्या शतकातील ज्या गिटारी अवशिष्ट आहेत, त्यांत हस्तिदंत व आबनूस यांच्या जडावाच्या गिटारींचे प्रमाण मोठे आहे. त्यावरून त्या काळी सर्वच गिटारी अलंकृत असत असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरेल. मौल्यवान वस्तू म्हणून जपलेल्या गिटारी राहिल्या. रोजच्या वादनातील साध्या गिटारी झिजल्या, मोडल्या व टाकून दिल्या गेल्या, असे अनुमान अधिक सयुक्तिक आहे.

रूपांतराचे ठळक उदाहरण म्हणजे आंतोनिओ स्त्रादिवारी याची १६७९ मधील ‘साबिओनारी’ गिटार. तिच्या जन्मकाळी गिटारला तातीच्या तारांच्या पाच जोड्या असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस सहा एकेरी तारांची पद्धत रूढ होऊ लागली, आणि या वाद्यालाही नव्या पद्धतीनुसार सहा तारांचे रूप देण्यात आले. या फेरफारामुळे मूळ रूप लोपले, हे खरे. तथापि त्यामुळेच ते नव्या पिढीच्या उपयोगाचे राहिले, हेही तितकेच खरे. अलीकडे तज्ज्ञांनी त्यास पुन्हा पाच जोड्यांचे रूप दिले असून त्यावर वादनही होते. मात्र हे पुनःस्थापितही एक रूपांतरच होय, याचे विस्मरण होऊ नये.

तारांच्या द्रव्यातही असाच पालट झाला. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी तातीची गरज वाढून वादकांना तिचा तुटवडा जाणवला. त्याच दशकात न्यूयॉर्कच्या ऑल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा प्रचारात आणल्या. तातीच्या तारांसाठी घडविलेली वाद्ये त्यानंतर नायलॉनवर वाजू लागली. आंद्रेस सेगोव्हिया यांनी १९३७ पासून १९६२ पर्यंत वापरलेली हेर्मान हाउजर यांची गिटार या स्थित्यंतरातून गेली. ती १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयास देण्यात आली.

या प्रश्नाचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आहे. १५१० ते १९६१ या पोर्तुगीज अमदानीत गोमंतकाच्या घरगुती संगीतात गिटारने स्थान मिळविले. युरोपीय मार्गदर्शिका मुख्यतः हिवाळ्यात तापविलेल्या खोल्यांतील कोरडेपणापासून सावध करतात. कोकणात संकट उलट आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते; तबली फुगून वर येते, तारा पडद्यांपासून उंच होतात, पोलादी तारा गंजतात, आणि पेटीत बुरशी धरते. म्हणून परकी नियम जसाच्या तसा न उचलता वादनानंतर तारा व दांडी कोरड्या फडक्याने पुसणे, ओल्या भिंतीपासून वाद्य दूर ठेवणे, पेटीत ओल शोषणारे द्रव्य ठेवणे आणि दीर्घकाळ वादन नसल्यास तारा सैल करणे, हेच येथे हितावह आहे.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी घासून पुन्हा लावतात, तेव्हा स्वर उजळतो, पण घोडीचा काही अंश कायमचा जातो. गिटारचे झिजलेले पडदे बदलतानाही हेच घडते. हा क्षय टाळावयाचा तर वादनच थांबवावे लागेल, आणि संग्रहालयांतील कित्येक वाद्यांच्या वाट्यास ते मौन आलेही आहे. परंतु ज्या वाद्याचा ध्वनीच ऐकता येत नाही, त्याची साक्षही अपुरीच राहते.

यावर पूर्ण तोडगा नाही. मात्र हानी कमी करणे शक्य आहे. प्रत्येक दुरुस्तीची तारीख, बदललेला भाग आणि वापरलेले द्रव्य यांची नोंद वाद्याबरोबर ठेवावी. काढलेले पडदे, घोडी वा खुंट्या फेकू नयेत. आणि पुन्हा सोडविता येईल असाच सरस वापरावा. ज्यांच्या घरी वा महाविद्यालयात जुनी वाद्ये आहेत, त्यांनी हा परिपाठ आजपासून सुरू केल्यास मूळ अंश कोणता व नंतरची भर कोणती, हे पुढील अभ्यासकास केवळ तर्काने ठरवावे लागणार नाही.