सहा तास सात मिनिटे

31 जानेवारी 2017 च्या रात्री 23:27 वाजता गिटलॅब डॉट कॉमचा मुख्य डेटाबेस पुसला गेला. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड आणि त्यावरची चर्चा जिथे ठेवतात, ते हे संकेतस्थळ. वेळा यूटीसीच्या आहेत; आपल्याकडे तेव्हा पहाटेचे पाच वाजत आले होते. त्याआधीच्या सहा तासांत दगाफटका कुणीही केला नाही. चालू न होणारी एक गोष्ट चालू करायची खटपट होती, इतकेच.

17:20, सहा तास सात मिनिटे आधी
एक इंजिनिअर मुख्य डेटाबेसचा एलव्हीएम स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची डिस्कची प्रत, घेतो आणि स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीच्या, सर्व्हरवर चढवतो. असा स्नॅपशॉट चोवीस तासांतून एकदा आपोआप होत असे. हा जादाचा, कारण त्याला पीजीपूल हे डेटाबेसवरचा भार वाटणारे साधन तपासायला ताजा डेटा हवा होता. हा स्नॅपशॉट पुढे कामी येणार आहे.

19:00, साडेचार तास आधी
डेटाबेसवर ताण चढतो, लोकांच्या कॉमेंट पडेनाशा होतात. स्पॅम असावा, असा अंदाज. नंतर उघड झाले की गिटलॅबच्याच एका कर्मचाऱ्याच्या खात्याविरुद्ध कुणीतरी तक्रार ठोकली होती, आणि ते खाते सगळ्या नोंदींसकट पुसण्याचे काम मागच्या मागे चालू होते.

22:00 ते 23:00
डीबी-1 वर खरा कारभार, डीबी-2 वर त्याची नक्कल. ताणामुळे नक्कल इतकी मागे पडते की तिला हव्या असलेल्या वॉल फाइली, म्हणजे बदलांच्या नोंदी, डीबी-1 ने केव्हाच टाकून दिलेल्या असतात. आता डीबी-2 ची डेटा डिरेक्टरी रिकामी करून पीजी_बेसबॅकअप या कमांडने सगळे नव्याने आणायचे. ती कमांड तक्रार करते: मॅक्स_वॉल_सेंडर्स, म्हणजे नकलांना देता येणाऱ्या जोडण्या, अपुरे आहेत. 3 चे 32 केले जातात. हा बदल रीस्टार्टशिवाय लागू होत नाही, म्हणून डीबी-1 वरचे पोस्टग्रेस, म्हणजे डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, रीस्टार्ट केले जाते. आणि ते उठतच नाही.

एरर येते ती सेमाफोर फार झाल्याची. पोस्टग्रेस चालू होतानाच मॅक्स_कनेक्शन्सच्या, म्हणजे जोडण्यांच्या कमाल संख्येच्या, हिशेबाने कर्नेलकडून सेमाफोर (प्रोसेसमध्ये ताळमेळ राखणाऱ्या खुणा) मागून घेते. तो आकडा होता 8000, आणि जवळपास वर्षभर त्यावर निभावलेही होते. काल चाललेले सेटिंग आजच्या रीस्टार्टला चालेलच, हे गृहीत धरून किती जणांनी रात्री जागवल्या असतील! इंजिनिअर आकडा 2000 वर आणतो, पोस्टग्रेस उठते. इथवर सगळे रीतसर: एरर बोलली, त्याने वाचली, दुरुस्त केली.

23:00 नंतर, अर्धा तासही उरलेला नाही
पीजी_बेसबॅकअप आता तक्रार करत नाही. ती काहीच करत नाही. एक ओळ उमटत नाही. एस-ट्रेस हे प्रोसेसचे सिस्टिम कॉल दाखवणारे साधन लावून पाहिले तर प्रोसेस पोल कॉलमध्ये अडकलेली, एवढेच समजते. खरे तर ती अडकलेली नव्हती. डीबी-1 डेटा पाठवायला लागेपर्यंत ती अशीच मुकाट थांबते. हे ठाऊक असलेला सहकारी त्या वेळी कामावर नव्हता, आणि कंपनीच्या रनबुकमध्येही, म्हणजे कामाच्या लेखी सूचनांतही, ते लिहिलेले नव्हते. आपल्या इंजिनिअरची तर कामातून उठायची वेळ कधीच टळून गेली होती.

माझ्या मते घात झाला तो इथे. चुकीच्या सर्व्हरवर कमांड चालणे ही पुढची गोष्ट. एरर देणाऱ्या प्रोग्रामशी माणूस भांडू शकतो. गप्प बसलेल्या प्रोग्रामबद्दल तो स्वतःच कारणे रचू लागतो.

23:27
त्याने रचलेले कारण असे: आधीच्या प्रयत्नांतल्या फाइली उरल्या असतील, डीबी-2 ची डिरेक्टरी पूर्ण रिकामी हवी असेल. तो आरएम, म्हणजे फाइली पुसण्याची कमांड, चालवतो. एक-दोन सेकंदांत ध्यानात येते की हे टर्मिनल डीबी-1 चे आहे. कमांड थांबवली जाते. सुमारे 300 जीबीपैकी 4.5 जीबी उरलेले असतात.

त्यानंतर
बॅकअप शोधायला जातात तो ॲमेझॉनच्या एस3 वरची बकेट रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस 9.6 चा. बॅकअप काढणारे पीजी_डम्प कोणत्या आवृत्तीचे चालवायचे, हे एक फाइल बघून ठरत असे, आणि बॅकअप घेणाऱ्या सर्व्हरवर ती फाइलच नव्हती. म्हणून रोज 9.2 चे पीजी_डम्प चालायचे आणि रोज आपटायचे. त्या अपयशाच्या ईमेल निघत होत्या, पण ईमेलचा खरेपणा तपासणाऱ्या डीमार्कच्या नियमात न बसल्याने परत फेकल्या जात होत्या. मायक्रोसॉफ्टच्या अझूरचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरांसाठी चालूच केले नव्हते.

राहिला तो 17:20 चा स्नॅपशॉट. स्टेजिंगच्या डिस्क मंद; कॉपी व्हायलाच अठरा तासांच्या आसपास गेले. कंपनीने हे काम यूट्यूबवर थेट दाखवले, एका वेळी सुमारे पाच हजार लोक बघत होते.

1 फेब्रुवारी, 18:00
साइट पुन्हा चालू. गेले ते मधल्या वेळेतले: सुमारे 5000 प्रोजेक्ट, तितक्याच कॉमेंट, 700 नवी खाती. गिट रिपॉझिटरी वेगळ्या ठेवलेल्या असल्याने कोड शाबूत होता; त्याभोवतीची सहा तासांची चर्चा मात्र ज्याची त्याने पुन्हा लिहायची होती.