क्षेत्रकार्य, हिंसा आणि लिंगभाव
दंगल, यादवी, सशस्त्र बंड किंवा लष्करी बंदोबस्त असलेल्या प्रदेशात राहून संशोधन करताना कोणाच्या घरात शिरकाव होतो, कोण मोकळेपणाने बोलते आणि धोका कुठून येतो, हे संशोधक स्त्री आहे की पुरुष यावर बरेच अवलंबून असते. प्रबंधांतील संशोधनपद्धतीच्या प्रकरणात मात्र याविषयी दीर्घकाळ मौनच पाळले गेले.

या मौनाची किंमत हेन्रिएटा श्मर्लर हिच्या प्रकरणात दिसते. कोलंबिया विद्यापीठाची ही २२ वर्षांची विद्यार्थिनी १९३१ च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातील अपाची आदिवासींच्या राखीव प्रदेशात एकटी राहून काम करत होती. एका नृत्यसमारंभाला जाताना तिचा खून झाला. पुढे कित्येक वर्षे मानवशास्त्रज्ञांत चर्चा झाली ती तिच्या वागण्याची. तिला तिथे एकटी पाठवणाऱ्या संस्थेच्या जबाबदारीचा प्रश्न मागेच पडला, हा उघड अन्याय होता.

स्त्री असण्याने काही वाटा खुल्याही होतात. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारानंतर मानवशास्त्रज्ञ वीणा दास यांनी दिल्लीतील सुलतानपुरीत विधवांबरोबर दीर्घकाळ काम केले. परक्या पुरुषाला अशी जवळीक क्वचितच मिळाली असती. उलट मानवशास्त्रज्ञ अल्पा शाह यांना स्त्री असणे लपवावे लागले. २०१० मध्ये माओवाद्यांच्या तुकडीबरोबर बिहारमधून झारखंडकडे सुमारे २५० किलोमीटर त्या सात रात्री चालल्या, त्या पुरुषाच्या वेशात, अंगावर हिरवट गणवेश चढवून. तुकडीत त्या एकट्याच स्त्री होत्या.

पुरुषांवर हेर किंवा लढवय्या असल्याचा संशय चटकन येतो. कैरोत फेरीवाल्यांच्या संघटनांचा अभ्यास करणारा जुलिओ रेजेनी २०१६ मध्ये बेपत्ता झाला. नंतर सापडलेल्या त्याच्या मृतदेहावर छळाच्या खुणा होत्या. अर्थात प्रत्येक हल्ल्यामागे लिंगभाव शोधणे चूक ठरेल. ग्वातेमालात विस्थापितांवर काम करणाऱ्या मिर्ना माक यांची १९९० मध्ये हत्या झाली, ती त्यांच्या संशोधनामुळे.

धोका फक्त बंदूकधाऱ्यांकडून येतो असेही नाही. क्षेत्रकार्यातील छळाविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६६६ जणांच्या पाहणीत स्त्रियांनी प्रामुख्याने आपल्याच चमूतील वरिष्ठांकडे बोट दाखवले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लैंगिक छळाविषयीच्या २०१५ च्या विनियमांनी विद्यार्थ्यांच्या क्षेत्रभेटीही 'परिसर' या व्याख्येत घेतल्या. पण वाटाड्या किंवा नाक्यावरचा जवान विद्यापीठाचा कर्मचारी नसतो. त्याच्याविरुद्ध पोलिसांत जावे, तर अशा भागात पोलीस हा स्वतःच संघर्षातला एक पक्ष असतो, आणि ठाण्याची पायरी चढलेल्या संशोधिकेशी गावकरी पुन्हा बोलतीलच असे नाही.