शर्यत दिसते, पण सांगतो कोण?

मोटारशर्यत आणि साहित्य यांचा एकत्र विचार करण्याची आपल्याकडे पद्धत नाही. क्रिकेटवर मराठीत ललित लेखन झाले, कुस्तीचा आखाडा कथा-कादंबऱ्यांत आला, बैलगाड्यांची शर्यत ग्रामीण कथेला नवी नाही. मोटारींची शर्यत मात्र आपल्या लेखकांनी दुरूनच पाहिली. तिला मराठी प्रेक्षक नाही असे म्हणता येणार नाही. ऐरोली-महापेच्या कार्यालयांतून कामानिमित्त जर्मनी, इंग्लंड, सिंगापूर येथे जाऊन आलेले आमचे कितीतरी माजी विद्यार्थी आहेत. परक्या शहरातला रविवार, बंद दुकाने, हॉटेलची खोली आणि टीव्हीवर चाललेली शर्यत. बोलणाऱ्याची भाषा कळत नाही, पण चित्र ओळखीचे आहे, असा अनुभव त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितला. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या अनुभवामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मराठीच्या अभ्यासकांपुढचा एक प्रश्न दडलेला आहे.

मोटारशर्यत ही जन्मापासूनच सांगण्याची गोष्ट आहे. २२ जुलै १८९४ रोजी पॅरिस ते रुआँ या मार्गावर मोटारींची पहिली गाजलेली स्पर्धा झाली, ती 'ल पेटी जुर्नाल' या वृत्तपत्राने भरवली होती. १९०० पासून काही वर्षे ज्या चषकासाठी देशोदेशींचे चालक झुंजले, तो देणारे गॉर्डन बेनेट 'न्यूयॉर्क हेरल्ड'चे मालक होते. वृत्तपत्रांना या खेळात रस का वाटावा? कारण उघड आहे. एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारी शर्यत कोणालाच पूर्ण दिसत नसे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला धुळीचा एक लोट दिसे आणि क्षणात नाहीसा होई. कोण पुढे होता, कोणाचे चाक निखळले, शेवटी काय झाले, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचल्यावरच समजायचे. १९०४ च्या डिसेंबरात दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची चाचणी-स्पर्धा निघाली, तेव्हा वाटेवरच्या गावकऱ्यांची स्थिती याहून वेगळी नसावी. पुढे बंदिस्त मार्ग आले, आपल्याकडे जुहूच्या धावपट्टीवरही शर्यती झाल्या. तरी प्रेक्षकाच्या वाट्याला येई ते एखादे वळणच. म्हणजे शर्यत घडे रस्त्यावर, पण तिला आकार येई तो निवेदनात.

दूरचित्रवाणीने ही स्थिती पालटली असे आपण समजतो. २४ ऑक्टोबर १९७६ रोजी जपानमधील फुजी येथे जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्यातील अजिंक्यपदाचा निकाल लागला, आणि ती शर्यत उपग्रहामार्फत दूरदेशी थेट दिसली. १९७८ पासून बीबीसीने फॉर्म्युला वनसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. हळूहळू अशी व्यवस्था रूढ झाली की चित्र एकाच ठिकाणी तयार व्हावे, ते सर्व देशांना पुरवले जावे, आणि प्रत्येक देशाच्या वाहिनीने त्यावर आपल्या भाषेतले समालोचन चढवावे. दूरच्या प्रेक्षकासाठी घड्याळही वाकवले गेले. २००८ मध्ये सिंगापूरची पहिली शर्यत तेथील वेळेनुसार रात्री आठला, दिव्यांच्या उजेडात सुरू झाली. त्यामुळे युरोपातल्या प्रेक्षकाला ती दुपारी पाहता आली. चित्र सर्वांचे सारखे झाले, पण कथन सारखे झाले नाही.

परदेशी हॉटेलात टीव्ही लावणाऱ्या प्रवाशाच्या हाती नेमका हाच धागा लागतो. एक उदाहरण पाहू. ऑक्टोबर २००६ मध्ये फ्रांकफुर्टच्या पुस्तक मेळाव्यात भारत हा सन्माननीय पाहुणा देश होता. आपल्याकडचे अनेक लेखक-प्रकाशक त्यासाठी तेथे गेले होते. मेळाव्याचा शेवटचा दिवस रविवार, ८ ऑक्टोबर. त्याच दिवशी जपानमधील सुझुका येथे शर्यत होती. जर्मनीत तेव्हा सकाळचे सात वाजले होते, मुंबईत साडेदहा. मायकेल शूमाकर आणि फर्नांडो अलोन्सो या दोघांचे प्रत्येकी ११६ गुण झाले होते आणि दोनच शर्यती उरल्या होत्या. वर्षअखेर निवृत्त होण्याची घोषणा शूमाकरने आधीच केली होती. तो आघाडीवर असताना, शर्यतीचा दोनतृतीयांश भाग संपल्यावर, त्याच्या गाडीतून पांढरा धूर निघाला. इंजिन गेले. अलोन्सोने शर्यत जिंकली.

त्या सकाळी फ्रांकफुर्टमधल्या एखाद्या भारतीय पाहुण्याने आरटीएल वाहिनी लावली असेल, तर त्याला जर्मन समालोचनातून एका युगाचा अंत ऐकू आला असेल. तोच धूर स्पेनमधल्या घराघरांत आनंदाची वार्ता होता. भारतातल्या प्रेक्षकाला तो इंग्रजीतून, बऱ्याच तटस्थपणे सांगितला गेला. धूर एकच होता. एका भाषेत ती शोकांतिका होती, दुसरीत विजयगाथा, तिसरीत बातमी. कथनशास्त्राच्या वर्गात दृष्टिकोन ही संकल्पना शिकवताना आपण कथा-कादंबऱ्यांतले उतारे देतो. याहून बोलके उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

आदल्या वर्षीचे आणखी एक उदाहरण आपल्या अधिक जवळचे. १९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस येथे टायरांच्या सुरक्षिततेच्या वादातून चौदा गाड्या सुरुवातीलाच माघारी वळल्या आणि शर्यत केवळ सहा गाड्यांत झाली. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, मार्गावर बाटल्या फेकल्या. अमेरिकेत ती नामुष्की ठरली. पण तिसरा आलेला तियागो मोंतेरो पोर्तुगालचा होता, आणि चौथा नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले ते पहिले गुण. आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू झालेल्या त्या शर्यतीतली नामुष्की खरी, की आनंद खरा? दोन्ही खरेच, प्रश्न कोण कोणाला सांगतो आहे याचा आहे.

इथे महाभारतातला संजय आठवणे साहजिक आहे. पण परदेशातल्या प्रवाशाची अवस्था धृतराष्ट्राच्या नेमकी उलट असते. धृतराष्ट्राला शब्द होते, चित्र नव्हते. या प्रवाशाला चित्र लख्ख दिसते, शब्द कळत नाहीत. आणि मग त्याच्या ध्यानात येते की नुसत्या चित्राने शर्यत पुरी होत नाही. तासाभरात गाड्या फिरत राहतात आणि काय घडते आहे ते उमगत नाही. सांगणारा हवा असतो.

मराठी प्रवासी पूर्वी स्वतःच सांगणारा असे. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेवरचे पुस्तक १८८९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ज्यांनी काही पाहिलेले नाही अशांना सारे शब्दांतून दाखवणे भाग होते. गंमत अशी की पु. ल. देशपांडे दूरचित्रवाणीच्या अभ्यासासाठी इंग्लंडला गेले आणि त्या प्रवासातून मराठीला 'अपूर्वाई' मिळाले. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते पुढे, २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ज्या माध्यमाच्या अभ्यासातून आपले एक लाडके प्रवासवर्णन जन्मले, त्याच माध्यमाने नंतर प्रवासवर्णनाचे 'दाखवण्याचे' काम काढून घेतले. 'सांगण्याचे' काम मात्र शिल्लक होते. ते मराठीने कुठे केले आणि कुठे सोडून दिले?

क्रिकेटमध्ये ते उत्तम केले. फलंदाज, गोलंदाज, षटक, झेल, त्रिफळा, पायचीत हे शब्द वृत्तपत्रांनी रुळवले, आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी आकाशवाणीवरून ते घराघरांत बोलते केले. २०२३ च्या आयपीएलमध्ये जिओसिनेमावर मराठी समालोचन ऐकू आले, तेव्हा त्यामागे ही सगळी पुण्याई उभी होती. मोटारशर्यतीला असे कोणी लाभले नाही. २०२४ मध्ये फॉर्म्युला वनचे भारतातील प्रक्षेपण फॅनकोड या ॲपकडे आले. टीव्हीचा पडदा जाऊन हातातला फोन आला, तरी मराठीतले मौन तसेच राहिले.

वेग सांगण्याची भाषाच मराठीत नाही, असे म्हणावे तर तेही खरे नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत बैलगाड्यांचे घाट भरतात. चार बैल, पुढे घोडी, आणि निकाल सेकंदांवर. फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीतही चालकाची झुंज घड्याळाशीच असते. या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न गंभीर आहे आणि या लेखाचा विषय नाही. आमचे लक्ष आहे ते ध्वनिक्षेपकावर. 'झाली... झाली...' म्हणत सुटलेला निवेदक बैलांची नावे, मालकाचे गाव, गतवर्षीची हार आणि धावेतला प्रत्येक क्षण काही सेकंदांत बसवतो. 'भिर्रर्र' हा त्याचा उच्चार कोणत्याही कोशातल्या शब्दापेक्षा अधिक वेगवान आहे.

याचा एक छोटा प्रयोग आम्ही वर्गात करून पाहिला. मोटारशर्यतीचा दोन मिनिटांचा तुकडा आवाज बंद करून दाखवला आणि तो मराठीत सांगा, असे म्हटले. पहिले काही विद्यार्थी 'ओव्हरटेक केलं', 'ब्रेक केलं', 'क्लोज केलं' यापुढे गेले नाहीत. मग जुन्नरकडची एक मुलगी उठली. तिने नामे बदलण्याच्या फंदात न पडता लॅप आणि पिट हे शब्द तसेच ठेवले. पण तिची गाडी वळणावर 'आत घुसली', पुढच्याला 'बगल दिली', 'शेपटीला चिकटली', 'वाट अडवून बसली', 'हुलकावणी देऊन निसटली'. वर्ग खुर्चीच्या कडेवर आला.

परिभाषेविषयी आपण इतकी वर्षे जो वाद घालत आलो, त्यात लढाई बहुतेक नामांवरच झाली. पिट स्टॉपला मराठी प्रतिशब्द काय, यावर समिती बसवता येईल. पण भाषा हटते ती नामांतून नव्हे. 'षटक' मराठी झाले आणि 'विकेट' तसाच राहिला, म्हणून क्रिकेटचे मराठी कथन अडले नाही. प्रत्येक क्रियेच्या जागी इंग्रजी शब्दाला 'करणे' चिकटवले जाते, तेव्हा मात्र घटना सांगण्याची शक्तीच आटते. कथनाचा प्राण क्रियापदात असतो, आणि आपली क्रियापदे घाटावर, कबड्डीच्या मैदानात, बाजारात अजून जिवंत आहेत.

२०२५ मध्ये खुद्द नवी मुंबईच्या रस्त्यांवर मोटारशर्यत घेण्याचा करार जाहीर झाला. त्या बातमीने हा प्रश्न आमच्या दारापर्यंत आणला. परक्या देशातल्या हॉटेलात परकी भाषा ऐकणे हा प्रवासाचा भाग आहे. त्यात तक्रार करण्याजोगे काही नाही. पण नेरूळच्या रस्त्यावर धावणारी गाडी नेरूळच्या माणसाला कोणत्या भाषेत सांगितली जाईल? मराठीचे अध्यापन करणाऱ्यांनी याचे उत्तर वाहिन्यांवर सोपवू नये, असे आम्हांला वाटते. सांगणारे घडवणे हे वर्गाचे काम आहे, आणि ते दोन मिनिटांच्या एका मूक चित्रापासून सुरू करता येते.