घरांतला समुद्र आणि एक मोलकरीण

गेल्या उन्हाळ्यांत एका रात्रीं आमच्या एका स्नेह्यांच्या घरची वीज गेली. दिवाणखान्यांतील काचेच्या पेटींत खारें पाणी भरून त्यांनीं कांहीं मासे व थोडीं पोंवळीं हौसेनें पाळलीं आहेत. पाणी खेळविणारा पंप थांबला आणि कांहीं वेळानें मासे वर येऊन तोंडें उघडूं लागले. तेव्हां त्यांचा थोरला मुलगा काचेचा चंबू घेऊन पेटींतलें पाणी उचलून उंचावरून पुन्हां पेटींत ओतीत पहांटेपर्यंत बसला. (तांब्याचें भांडें त्यानें घेतलें नाहीं हें शहाणपणच; तांब्याचा अंश पोंवळ्यांस विषासारखा बाधतो.) ही हकीगत ऐकतांना आम्हांस दुसऱ्याच एका खिडकीची आठवण झाली.

समुद्रांतील जीव घरांत जिवंत ठेवावयाचे तर पूर्वीं उपाय एकच असे, तो म्हणजे पाणी बदलणें. एडिंबरोच्या सर जॉन डॅलिएल यांनीं १८२८ सालीं आणलेलें एक समुद्रपुष्प (हें नांवाचेंच पुष्प, वस्तुतः प्राणी) त्यांच्यामागें इतरांनीं सांभाळून १८८७ पर्यंत जगविलें. पण तेथें समुद्र हाकेच्या अंतरावर होता. लंडनमध्यें ती सोय कोठली?

१८४६ सालीं ॲना थिन या बाई टॉर्कीच्या किनाऱ्यावर गेल्या होत्या. वेस्टमिन्स्टर ॲबीच्या एका धर्माधिकाऱ्याच्या या पत्नी. तेथें त्यांस पोंवळ्याच्या जातीच्या दगडी प्राण्यांचा नाद लागला, आणि ते प्राणी त्यांनीं बरणींत घालून लंडनला आणले. एकमेकांवर आपटूं नयेत म्हणून सुईदोऱ्यानें ते स्पंजावर टांचून ठेवले! किनाऱ्यावरून मागविलेलें पाणी पुरेना, तेव्हां जुनेंच पाणी ताजें करण्याची युक्ति त्यांनीं काढली. उघड्या खिडकीपुढें उभें राहून रोज अर्धा ते पाऊण तास तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत ओतावयाचें. काम थकविणारें, हें बाई स्वतःच लिहितात. पण तें करावयास एक लहान मोलकरीण होती, आणि तिला ती करमणूकच वाटे, असेंही त्या लिहितात. रोज पाऊण तास पाण्यानें भरलेलें भांडें उचलणाऱ्या हातांस ती करमणूक कितपत वाटली असेल, याविषयीं आम्ही साशंक आहों. पुढच्या वर्षीं बाईंनीं भांड्यांत समुद्रशेवाळही ठेवलें. हा वृत्तांत छापून आला मात्र १८५९ सालीं.

तोंपर्यंत मान दुसऱ्यांकडे गेला होता. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञानें १८५० सालीं सोनेरी मासे, गोगलगाई व पाणवनस्पति यांचा समतोल मांडला होता. वनस्पति प्राणवायु देतात, प्राणी तो घेतात. मग पाणी बदलावयाचें कारण काय? गॉस यांचें १८५४ चें पुस्तक निघालें आणि इंग्रजांच्या घरोघर काचेच्या पेट्या आल्या. सिद्धांत सुंदर होता, पण रात्रीचा विचार त्यांत अपुरा होता. उजेड गेला कीं वनस्पतिही प्राणवायु खाऊं लागतात. शिवाय खाऱ्या पाण्याची मूळ सांठवणच थोडी. पंचवीस अंश उष्णतेस एक लिटर गोड्या पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु मावतो, तर समुद्राच्या पाण्यांत ७ हून किंचित् कमी; तितक्याच हवेंत तो पावणेतीनशेंच्या आसपास असतो. निश्चल पाण्यांत तो पृष्ठभागापासून खालीं उतरतो तोही हवेंतल्यापेक्षां सुमारें दहा हजार पटींनीं सावकाश. म्हणून तळचें पाणी वर आलें पाहिजे. आजच्या पेटींतील बुडबुड्यांचें मुख्य काम हेंच. हवा पाण्यांत कोंबणें हें नव्हे, तर तळचें पाणी उचलून हवेच्या भेटीस आणणें. जागचें न हलणाऱ्या पोंवळ्यांस तर अन्न आणून देणारा आणि मळ वाहून नेणारा प्रवाहच असतो.

हें ज्यानें मोठ्या प्रमाणावर करून दाखविलें तो विल्यम ॲल्फर्ड लॉईड. लंडनांत मत्स्यपेट्या विकणारा हा मनुष्य १८६० नंतरच्या दशकांत हँबुर्गच्या मत्स्यालयांत गेला, आणि १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचें मत्स्यालय त्याच्याच योजनेनें उघडलें. तेथें काचेआड दिसणाऱ्या पाण्याहून कितीतरी पट पाणी अंधाऱ्या तळटाक्यांत ठेवलें होतें. वाफेच्या पंपानें तेंच पाणी अहोरात्र फिरत राही. पाणी बदलूं नका, हलवा, हा लॉईडचा आग्रह. थिनबाईंच्या खिडकींत जें पाऊण तास चाले, तें येथें यंत्रानें चोवीस तास चालविलें, एवढाच काय तो फरक.

मत्स्यालयांच्या इतिहासांत वॉरिंग्टन, गॉस आणि लॉईड यांचीं नांवें येतात. अलीकडे थिनबाईंचेंही येऊं लागलें आहे. बाईंच्या लेखांत मोलकरीण ती मोलकरीणच.

आमच्या स्नेह्यांनीं आतां विद्युत्घटावर चालणारा एक लहानसा पंप आणून ठेवला आहे. चंबूही पेटीशेजारींच असतो.